सासरेबुवांची टोमॅटोची अट

आमच्या सासरेबुवांनी अंगणातली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटून जरा विचार केला आणि माझ्या नव्या बुटांपासून वीतभर अंतरावर थुंकले.

"जावईबापू, ही माती नाही. ही न भाजलेली वीट आहे."

आता रविवारचं पोटभर जेवण झाल्यावर जावयाच्या अंगणाची चव घेऊन बघा, असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पण विषय निघाला होता, आणि तो माझ्या बायकोनं काढला होता. निबियाचे वडील, म्हणजे हे डॉन अवेलिनो (डॉन म्हणजे इथं 'राव', गुंड नव्हे), गावाबाहेरच्या आपल्या मळ्यात एकटेच राहतात. ह्या थंडीत ते विहिरीजवळ पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच पडून राहिले. तेव्हापासून फोन वाजला की निबियाच्या हातातलं भांडं खाली पडतं. बाबांनी आता आमच्याकडे, सान्ता बासिलिया गावात, मागच्या खोलीत येऊन राहावं, एवढंच तिला हवं होतं. आणि बाबांना नेमकं तेवढंच नको होतं.

"ज्या अंगणात टोमॅटो येत नाही तिथं मी राहत नसतो," सासरेबुवा तोंड पुसत म्हणाले. "उन्हाळ्यात मला ह्याच मातीतला एक टोमॅटो खायला घाला. खाण्याजोगा निघाला, तर दुसऱ्या दिवशी खाट घेऊन येतो."

निबियानं माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं माझ्याकडे इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं. अशा वेळी शहाण्या नवऱ्यानं गप्प बसावं. मी म्हणालो, "एकच कशाला, टोपलीभर देतो."

मी वीज कचेरीत बिलांच्या खिडकीमागे बसतो. गावातल्या बहुतेक प्रत्येकाची वीज मी कधी ना कधी तोडलेली आहे, म्हणजे तोडण्याच्या कागदावर शिक्का मारलेला आहे. त्यामुळे मी काही नवीन करायला घेतलं की गावाला उत्साह येतो. आजवर मी भिंत रंगवली, गिटार शिकलो, वजन कमी केलं. प्रत्येक वेळी लोकांनी खिडकीत बिलाबरोबर सल्लाही सरकवला, आणि त्यांचा सल्ला न ऐकल्यामुळे माझं कसं नुकसान झालं हे पुढच्या महिन्याच्या बिलाबरोबर ऐकवलं. तरीही मी दुसऱ्या दिवशी मान ताठ ठेवून शेतीच्या दुकानात गेलो.

दुकानाचा मालक दार्दो गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याला काय हवंय ते दार्दोनं ठरवलेलं असतं. त्यानं माझ्यापुढे एक कॅन ठेवला. त्यावर टोमॅटो हातात धरलेल्या माणसाचं चित्र होतं, आणि टोमॅटो त्या माणसाच्या डोक्याहून मोठा होता. हे ह्युमिक आणि फुल्विक ॲसिड, असं त्यानं सांगितलं. ॲसिड हा शब्द ऐकून मी एक पाऊल मागे सरकलो. तेव्हा दार्दोनं मला खुर्ची दिली आणि समजावलं, की हे जाळणारं ॲसिड नव्हे. पालापाचोळा कुजता कुजता शेवटी जे काळं सत्त्व उरतं, ते हे. माझ्या अंगणातली चिकणमाती म्हणजे कंजूष म्हातारा. घरात सगळं असतं, पण मूठ उघडत नाही. ह्युमिक ती मूठ सैल करतं, माती भुसभुशीत करतं, पाणी धरून ठेवतं. फुल्विक हे त्याचं धाकटं भावंड. अंगानं बारीक, म्हणून मुळांतून आणि पानांतून सहज आत शिरतं, आणि जाताना लोह, जस्त वगैरे मंडळींना हाताला धरून आत नेतं.

"पण हे जेवण नव्हे हं," दार्दो म्हणाला. "ही भूक आहे. जेवण म्हणून शेणखत वेगळं घालायचं."

मी किंमत विचारली, आणि उत्तर ऐकून कॅन दोन्ही हातांनी जागेवर ठेवला. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. तो म्हणाला, की घरीही करता येतं. गांडूळखत राखेच्या पाण्यात भिजवायचं, ढवळायचं, गाळायचं, की काळं ह्युमिक पाण्यात उतरतं. त्यात व्हिनेगर ओतलं की ह्युमिक तळाशी बसतं आणि वर जे पिवळसर पाणी राहतं ते फुल्विक. झाडाला देताना मात्र पाणी घालून घालून फिक्या चहासारखं करायचं. हे शेवटचं वाक्य त्यानं नक्की सांगितलं होतं असं तो आजही शपथेवर सांगतो. मला ते आठवत नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात दिवा पेटला होता.

गांडुळांना खायला काय लागतं? कुजणारा पाला. आणि आमच्या उरुग्वेत पाल्याला तोटा आहे का? इथला माणूस एक वेळ टोपी विसरून घराबाहेर पडेल, पण काखेतला गरम पाण्याचा थर्मास आणि हातातलं येर्बाचं भांडं विसरणार नाही. दिवसभर त्या भोपळ्याच्या भांड्यातल्या हिरव्या पाल्यावर पाणी ओतायचं, नळीनं ओढायचं, पुन्हा भरून शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. चव उतरली की चोथा कचऱ्यात. अख्खं गाव रोज उत्तम गांडूळखत कचऱ्याच्या गाडीत टाकत होतं आणि हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी दार्दोकडून खोकंभर गांडुळं घेतली आणि शोध लावलेल्या माणसासारखा चालत घरी आलो.

चोथा गोळा करणं इतकं अवघड असेल असं मात्र वाटलं नव्हतं. कुणाच्या दारात जाऊन "तुमचा चोथा द्या" म्हटलं, की ती व्यक्ती म्हणते, "अजून चव आहे की, बसा." बसलं की भांडं हातात येतं. आलेलं भांडं नाकारणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. आणि परत देताना चुकून "धन्यवाद" म्हटलं तर त्याचा अर्थ आमच्याकडे "आता पुरे, मला नको" असा होतो. मग तुमची पाळी गेली, पण चोथा तर अजून भांड्यातच. म्हणजे चव उतरेपर्यंत धन्यवाद न म्हणता पीत राहायचं, एवढाच मार्ग उरतो. पहिल्याच शनिवारी मी आमच्या गल्लीतली सगळी घरं केली.

येर्बा ही चहाची थोरली बहीण आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्या संध्याकाळी माझं हृदय कार्निव्हलच्या ढोलासारखं वाजत होतं. मी घरातले सगळे बूट पॉलिश केले. मग मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, मग रंगाप्रमाणे, मग छताचा पंखा उतरवून धुतला. त्यानंतर शेजाऱ्यांचे बूट आणायला निघालो तेव्हा निबियानं दाराला कडी घातली. त्यातून आमची शेजारीण सुल्मा आपल्या येर्बात पोट साफ करणारा कसलातरी पाला घालते, हे मला बरंच उशिरा समजलं. तो रविवार मी आदरणीय एकांतात काढला.

पण उत्साह भलताच होता. कचेरीत मी वेगानं शिक्के मारत होतो, गिऱ्हाइकांना त्यांच्या मुलांची नावं घेऊन हाका मारत होतो, गांडुळांशी तर तासन्‌तास बोलत होतो. शेवटी निबियानंच तोडगा काढला. फाटकाशी एक बादली ठेवली आणि वर पाटी लावली, की चोथा इथे टाकावा. लोक टाकू लागले. अर्थात नुसता चोथा टाकून जाईल तो सान्ता बासिलियाचा माणूस कसला? एकानं सांगितलं, गांडुळांना रेडिओ लावा. दुसऱ्यानं सांगितलं, रेडिओ लावा पण बातम्या नकोत, ती दबून जातात. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी, गांडुळांची डोकी उत्तरेकडे हवीत, असं बजावलं. डोकं कोणतं ते कसं ओळखायचं, असं मी विचारल्यावर, हे शाळेत शिकवलेलं असूनही तुम्ही विसरलात, असं म्हणून त्या निघून गेल्या.

सासरेबुवांचा चोथा निबिया दर रविवारी मळ्यातून डब्यात घेऊन यायची. बाबांच्या टोमॅटोला बाबांच्याच येर्बाचं खत हवं, असा तिचा हट्ट. म्हणून लिंबाच्या झाडाखाली त्यासाठी गांडुळांची वेगळी पेटी ठेवली. मला ते पटलं होतं, कारण येर्बाच्या बाबतीत सासरेबुवांचा दरारा काही वेगळाच. आमच्याकडे येर्बा म्हणजे कडू. साखर घालतात ती लहान मुलं, आजारी माणसं आणि बाहेरचे पाहुणे. हे गावाचं मत आहे. सासरेबुवांचा तर तो धर्म. एकदा गुरांच्या डॉक्टरनं त्यांच्याकडे येर्बात साखर मागितली, तर गाय आजारीच ठेवून त्यांनी डॉक्टरला फाटकाबाहेर काढलं होतं. माझ्या दिवंगत सासूबाई गोड प्यायच्या, तर दोघांची भांडी आयुष्यभर वेगळी. सासूबाईंचं छोटं भांडं ते टेबलाच्या आपल्या बाजूलासुद्धा ठेवू देत नसत.

वसंतात खत तयार झालं. काळंभोर, भुसभुशीत. मी मूठभर हातात घेऊन सगळ्या गल्लीला वास घ्यायला लावला. आणि त्याच सुमाराला मुंग्या आल्या.

मुंग्या फक्त लिंबाखालच्या पेटीला. बाकी पेट्यांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. लोकांनी खडू ओढायला सांगितला, दालचिनी टाकायला सांगितली, मुंग्यांच्या वारुळासमोर उभं राहून ठामपणे बोलायला सांगितलं. मी तिन्ही केलं. ठामपणे बोलताना मला सुल्मानं कुंपणावरून पाहिलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मी तिला विचारलं, तुमच्या त्या पाल्याबरोबर तुम्ही चुकून साखर तर घालत नाही ना, आणि चुकून तो चोथा ह्या पेटीत तर टाकत नाही ना?

सुल्मा बराच वेळ काही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे. मग म्हणाली, "विल्मार, माझा नवरा गेला त्या दिवशी डॉक्टर मला साखरपाणी देत होते. मी तेही घेतलं नाही." आणि आत जाऊन तिनं दार असं लावलं की तिच्या भिंतीवरचं घड्याळ पडल्याचा आवाज मला इकडे आला.

ह्या वातावरणात मी ॲसिड काढायला घेतलं. राख हवी होती. राख म्हणजे रविवारच्या मटणाच्या भट्टीची. आमच्याकडे ज्याच्या अंगणातून रविवारी धूर निघत नाही त्याच्या घरी चौकशीला माणसं येतात. राख मागायला गेलं की जेवायला बसवतात, पण त्याची मी तक्रार करत नाही. राख पिंपात भिजवली, निवळ गाळून घेतलं. बोटांना बुळबुळीत लागलं, म्हणजे दार्दोनं सांगितल्याप्रमाणे झालं. त्यात खत घालून पाच-सहा दिवस ढवळलं, तर पाणी असं काळं झालं की मी त्यात वाकून पाहिलं तेव्हा माझंच तोंड मला दिसलं, आणि ते फार आनंदी दिसत होतं.

राखेत एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे चरबी. जाळीवरच्या मांसाची चरबी वर्षभर त्या राखेत ठिबकत असते. राखेचं पाणी आणि चरबी एकत्र राहिली की साबण होतो, हे सगळ्या आज्यांना माहीत असतं. मला नव्हतं. फुल्विक वेगळं करायला मी त्या पिंपात व्हिनेगरची बाटली ओतली, आणि पिंपानं एक मोठा उसासा टाकला.

आधी बुडबुडे आले. मग फेस आला. मग फेस पिंपाच्या काठावर आला, जरा थांबला, जणू परवानगी मागतोय, आणि खाली उतरला. काळपट, दाट, चकचकीत फेस अंगणभर पसरला. मी झाडू घेऊन त्याला अडवायला धावलो तर झाडूनं तो आणखी फुलला. सदरा काढून अंथरला, तर सदराही फेसाबरोबर निघून गेला. फेस कुंपणाखालून सुल्माच्या बागेत शिरला. तिथं उन्हात तिची पांढरीशुभ्र कुत्री प्रिन्सेसा झोपलेली होती. थोड्या वेळानं ती उठली तेव्हा ती बदामी रंगाची झाली होती, आणि अजूनही आहे.

पिंपाच्या तळाशी मात्र काळं ह्युमिक उरलं होतं. वर थोडं पिवळं फुल्विकही होतं. मी ते दोन्ही जिवापाड जपून नुकत्याच लावलेल्या टोमॅटोच्या रोपांना घातलं, आणि ही हट्टी माती फिक्या चहानं वठणीवर येणार नाही असं ठरवून फिकं न करता घातलं. दोन दिवसांत रोपांची पानं कडेनं करपली आणि आत वळली. निबिया रोज सकाळी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. बोलायची काही नाही. मला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या डोक्यात विहिरीजवळ पडलेले बाबा होते, आणि माझ्या रोपांकडे बघून ती उन्हाळ्याचा अंदाज घेत होती.

सुल्मानं नगरपालिकेत तक्रार केली. नगरपालिकेनं निरीक्षक पाठवली. मिल्का नावाची, काखेत थर्मास, पाठीवर पिशवी, अत्यंत सभ्य बाई. तिची अडचण एकच होती: माझा गुन्हा कोणत्या विभागात बसतो हे तिला ठरवता येईना. हे खत असेल तर त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणी राजधानीत होते. कचरा असेल तर तो घरोघरून आणायला वाहतुकीचा परवाना लागतो. साबण असेल तर उद्योग खातं. आणि येर्बापासून केलेलं पातळ काहीतरी म्हणजे पेय असेल तर आरोग्य खातं, आणि मग गांडुळांची तपासणी करावी लागेल, कारण ती अन्न हाताळणारे कामगार ठरतात. मी विचारलं, तपासणी म्हणजे नेमकं काय? ती म्हणाली, छातीचा एक्स-रे आणि नखं.

तोवर कुंपणाशी सुल्मा आली होती. गल्लीतले चारपाच जणही आले होते, कारण आमच्या गल्लीत सरकारी माणूस दिसला की लोकांना अंगण झाडायचं आठवतं. मिल्कानं शेवटी मन मोठं करून "घरगुती छंद" असा निकाल दिला. फक्त उपद्रवी कीटक नाहीत एवढं बघायचं होतं. तिनं एकेक पेटी उघडली, मान डोलावली. मग लिंबाखालची पेटी उघडली.

मुंग्यांचा काळा पट्टा पाहून तिच्या भुवया वर गेल्या. तिनं कालच आलेला चोथ्याचा गोळा उचलला, दोन बोटांत दाबला आणि बोटं हळूच दूर केली. मध्ये एक चिकट तार आली.

"ही येर्बा गोड आहे," मिल्का म्हणाली.

एकानं टोपी काढली. सुल्मा कुंपणाला रेलून पुढे झाली. तिच्या अब्रूचा प्रश्न होता आणि तिला नाव हवं होतं. "कुणाची पेटी आहे ती, विल्मार?" तिनं विचारलं.

मी निबियाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर मला सगळं दिसलं. सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं होत होती. दर रविवारी निबिया मळ्यात जायची तेव्हा आईचं छोटं भांडं खिडकीत ओलं असायचं. बाबा आठवणीनं ते रोज धुऊन ठेवतात, असं तिला वाटायचं. ते धूत नव्हते. ते त्यात पीत होते. ज्या गोड येर्बाची त्यांनी आयुष्यभर थट्टा केली, ती ते त्या रिकाम्या घरात एकटे बसून तिच्या भांड्यातून पीत होते. आणि आमच्याकडे राहायला आले असते तर ते कुठं प्यायले असते? आमच्याकडे एकच भांडं सगळ्यांच्या हातातून फिरतं. अट टोमॅटोची नव्हतीच. तो म्हातारा आपलं भांडं लपवत होता. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी माझ्या बुटांजवळ थुंकल्याचंसुद्धा काही वाटेना.

"माझी," मी म्हणालो.

"तुझी?"

"मी गोड पितो. कचेरीत. चोरून. तिथला चोथा मी ह्या पेटीत टाकतो."

माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो, आणि लोकांनी माझ्या कुठल्याही खऱ्या बोलण्यावर इतक्या चटकन विश्वास ठेवला नव्हता. सुल्मानं मला तिथल्या तिथं माफ केलं. आजाऱ्याला करतात तसं. मिल्कानं थर्मासमधलं पाणी भांड्यात ओतलं, माझ्याकडे बघून जरा घुटमळली आणि भांडं माझ्या शेजारच्याच्या हातात दिलं.

पुढचे दोन महिने माझे काय हाल झाले, विचारू नका. बिलाबरोबर खिडकीतून साखरेच्या पुड्या येऊ लागल्या. क्लबात सामायिक भांड्यातून मला वगळलं आणि माझ्यासाठी बदकाचं चित्र असलेलं लहान मुलाचं भांडं आणलं. त्यासाठी वर्गणी काढली होती, आणि ती मला न कळवता माझ्याकडूनही घेतली होती. दार्दो मला भेटला की दातांची चौकशी करायचा. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तरीच तुम्हाला गांडुळाचं डोकं ओळखता येत नव्हतं. आणि हे सगळं होत असताना सुल्माच्या बागेत जिथून फेस वाहत गेला होता, तिथल्या गुलाबांवरचा मावा नाहीसा होऊन ते असे फुलले की लोक थांबून फोटो काढत. सुल्मा रोज कुंपणावरून रिकामी बादली पुढे करून विचारायची, पुन्हा केव्हा उतू घालवणार?

माझी रोपंही सावरली. दार्दोचं फिक्या चहाचं मी ह्या वेळी ऐकलं, शेणखत घातलं, आणि खाली वाकून बघितलं तर माती हाताला खरोखर सुटी लागत होती. जानेवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, एका रोपाला टोमॅटो धरले. एक जरा बरा लाल झाला. वाकडा होता, एका बाजूनं टणक होता, पण टोमॅटो होता.

त्याच आठवड्यात दूधवाल्याच्या गाडीतून सासरेबुवा स्वतःच आले. न बोलावता. निबियानं द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल मांडलं, मी टोमॅटो बशीत ठेवून आणला. मांडवाच्या फटींतून गल्लीतल्यांच्या माना दिसत होत्या, तिकडे मी दुर्लक्ष केलं. सासरेबुवांनी खिशातला चाकू काढला, टोमॅटो कापला, मीठ लावलं, अर्धी फोड सावकाश चावून गिळली. उरलेली फोड त्यांनी बशीत परत ठेवली.

"विटेपेक्षा बरा आहे," ते म्हणाले. "पण टोमॅटो नव्हे."

निबिया आत गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती. मांडवाबाहेरच्या माना एकेक करून निघून गेल्या. टोपलीभर देतो म्हणणारा मीच होतो.

बराच वेळ सासरेबुवा चाकू पुसत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू, दूधवाला काहीबाही सांगत होता. तुमच्या येर्बाबद्दल."

"खरं आहे ते."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"किती चमचे?"

माझ्यावर संकट आलं. मी जन्मात येर्बात साखर घातली नव्हती. "दोन," मी अंदाजानं ठोकून दिलं.

सासरेबुवांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "दोनानं काय होतंय? कडूपणा तसाच राहतो. तीन लागतात."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले. त्यांनी वर मांडवाकडे पाहिलं, द्राक्षांची चौकशी केली, मग म्हणाले, असं ऐकून आहे. मी म्हणालो, ऐकीवच असणार. तेवढ्यात निबिया बाहेर आली. तिनं येर्बाचं भांडं, थर्मास आणि साखरेचा डबा टेबलावर ठेवला, डबा अगदी माझ्यापुढे, आणि माझ्याकडे रागानं बघितल्यासारखं केलं. तिचे डोळे मात्र रागाचे नव्हते.

मी तीन चमचे साखर घातली, पाणी ओतलं आणि भांडं त्यांच्यापुढे धरलं. "सासरेबुवा, जरा बघता का बरोबर झालंय का? मला अजून नीट जमत नाही."

त्यांनी भांडं घेतलं. नळी तोंडात धरून ते डोळे मिटून पीत राहिले, अगदी तळाचं पाणी वाजेपर्यंत. मग भांडं लगेच परत दिलं नाही. दोन्ही हातांत धरून बसले. मी दुसरीकडे पाहिलं.

"माणसानं एकट्यानं बसून गोड पिऊ नये," ते शेवटी म्हणाले. "वाईट असतं ते. सोबत लागते." आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "निबिया, तुझ्या नवऱ्याला फार वाईट सवय लागली आहे. ती सुटेपर्यंत मी इथं राहीन म्हणतो."

निबिया टेबलाशीच उभी होती. उरलेली टोमॅटोची फोड तिनं उचलली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिली.

"मग खूप दिवस राहावं लागेल, बाबा," ती म्हणाली. "हा सुधारणाऱ्यांतला नाही."